राहिलेले आठ पक्षी

देश दाखवायला तिला एक दिवस पुरायचा. सकाळी साडेसातला बंदरावरच्या तिकीटखिडकीसमोरून बस निघायची, आणि संध्याकाळी सहाच्या आत प्रवासी परत त्याच जागी पाय झाडत उभे असायचे. दोन चहा आणि एक जेवण धरून तेवढ्यात सगळा देश पाहून व्हायचा. "आपला देश उत्तर-दक्षिण एकसष्ट किलोमीटर आहे," असं ती माईकवर सांगायची आणि जरा थांबून म्हणायची, "ओहोटीच्या वेळी थोडा मोठा होतो." हा विनोद बावीस वर्षांचा होता. बस चालवणारा तिचा नवरा दर वेळी आरशात बघून हसायचा. एकाच विनोदाला बावीस वर्षं हसणारा नवरा मिळायला नशीब लागतं, पण हे तिने त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. डोक्यावर चढला असता.

बंदरात सगळे तिला माईकबाई म्हणायचे. बाई अंगाने किरकोळ, पण आवाज असा की मागच्या सीटवर डुलक्या काढणाराही दचकून जागा व्हायचा. गालात कायम आल्याचा तुकडा, खांद्याला पिशवी, पिशवीत उलटीच्या पुड्या, सेफ्टी पिना आणि एक जादा चष्मा. कुणी ना कुणी चष्मा विसरतोच, असा तिचा अनुभव होता.

तिचं सांगणं ऐकण्यासारखं असायचं. शाळेच्या पुस्तकात असतं तसं नाही. "ही नदी," ती म्हणायची, "आपल्याकडे एकच आहे. दुसरी लागलीच नाही." डोंगरही एकच, पण बंदरातली माणसं अभिमानाने त्याला डोंगररांग म्हणतात, तेव्हा प्रवाशांनीही तसंच म्हणावं, नाहीतर दुपारी जेवताना वाढपी मंडळी तोंड फिरवतील, असा ती दम भरायची. डोंगराच्या माथ्यावरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा देश दिसायचा. "तो मोठा आहे," ती सांगायची. "तिथे बघायला जाऊ नका, दमाल."

आणि जेवण. बसच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात, रोज सकाळी बर्फात घातलेली मासळीची एक पेटी चढायची. ती वरच्या खानावळीत जायची. प्रवासी मिठागरं बघत, खारफुटीत शिरलेल्या खाडीचे फोटो काढत, वळणावळणाच्या रस्त्याने मळमळत वर पोहोचायचे, आणि आपल्या पायाखालून आलेली तीच मासळी लसूण-लिंबू लावून, तव्यावर कुरकुरीत होऊन, गरम भाताबरोबर त्यांच्या ताटात यायची. परतताना त्याच पेटीतून वरच्या बागांची संत्री खाली यायची. डोंगरावरचे लोक मासे खाऊन जगतात आणि किनाऱ्यावरचे फळं खाऊन, आणि मध्ये आमचं दोघांचं पोट चालतं, असं ती म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र ती हात राखून बोलायची. बंदराच्या धक्क्यापाशी डॉल्फिन दिसतात, पण दिसतीलच असं ती कधी म्हणाली नाही. उत्तरेच्या वाळूत कासवं अंडी घालतात, ती बघायला आपली बस जात नाही, कारण त्यांना प्रकाश आणि माणसं दोन्ही सोसत नाहीत. लाल खेकडे रस्ता ओलांडत असले की नवरा बस थांबवून इंजिन बंद करायचा. शेवटचा खेकडा पलीकडे जाईपर्यंत सगळे गप्प बसायचे. एकदा त्यात चाळीस मिनिटं गेली होती आणि एकानेही तक्रार केली नव्हती.

एवढी तोलूनमापून बोलणारी बाई आयुष्यात एकदाच थाप मारून मोकळी झाली होती, आणि नेमकी तीच तिच्या अंगाशी आली.

झालं असं, की नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बस परतीच्या वाटेवर पाणथळीपाशी थांबली होती. नदी समुद्राला मिळायच्या आधी पसरून जिथे आळसावते ती ही जागा. गुडघाभर पाणी, लव्हाळी, चिखल, आणि त्यावर पक्षीच पक्षी. एका जाड्या प्रवाशाने वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "इथे पक्ष्यांच्या जाती किती?" तिला मिळालेल्या टिपणात डोंगराची उंची होती, नदीची लांबी होती, मिठाचं उत्पन्नही होतं. पक्षी नव्हते. सगळी बस तिच्याकडे बघत होती. पहिला आठवडा; माहीत नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तिची नजर नवऱ्याच्या डोक्यावरच्या घड्याळावर गेली. दोन वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

"दोनशे सदतीस," ती म्हणाली.

जाड्याने ते लिहून घेतलं. वेळ मारून नेली म्हणून ती खूश झाली आणि विसरून गेली. पुढच्या वर्षी जाड्याचा लेख कुठल्याशा मासिकात आला. लेखावरून पर्यटन खात्याने पुस्तिका छापली, पुस्तिकेवरून चौथीच्या भूगोलात धडा आला, आणि धड्यावरून वनखात्याने खुद्द पाणथळीवर निळी पाटी लावली: येथे पक्ष्यांच्या २३७ जाती आढळतात. तिच्या मुलीला चौथीत रिकामी जागा भरा म्हणून तोच प्रश्न आला आणि पूर्ण गुण मिळाले. त्या दिवशी माईकबाईला घास गोड लागला नाही. पण एवढं सगळं सरकार ज्या आकड्याच्या मागे उभं राहिलं, तो खोटा आहे हे आता सांगायचं कुणाला? हळूहळू तिचा तिलाच तो आकडा खरा वाटायला लागला. असेलही, ती मनाला सांगायची. कुणी मोजलेत?

मोजणारा होता. पाटी लागली त्याच वर्षी पाणथळीवर राखणदार म्हणून एक माणूस आला. उंच, वाकलेला, बोलायला लाजणारा, गळ्यात दुर्बीण. लांबून तोही एखादा बगळाच वाटायचा. लव्हाळी कापू न देणं, जाळी टाकू न देणं हे त्याचं काम, पण साहेबांनी रुजू होताना सहज म्हटलं होतं, "पाटीवर आकडा आहे, जमलं तर एकदा ताडून बघा." साहेब विसरले असतील. हा नाही विसरला. त्याने खाकी कापडात बांधलेलं एक रजिस्टर आणलं आणि पहिल्याच दिवशी त्यात दोनशे सदतीस ओळी आखून आकडे घालून ठेवले. मग एकेक पक्षी बघायचा, खात्री करायची, नाव लिहायचं, तारीख घालायची. लोक त्याला मोजणीदार म्हणायला लागले.

दर रविवारच्या फेरीला बस तिथे पंचवीस मिनिटं थांबायची. प्रवासी मचाणावर चढायचे आणि मोजणीदार त्यांना हळू आवाजात दाखवायचा, "ते लाल पाय बघा, शेकाट्या. तो खांबावर बसलाय तो कैकर, त्याच्या पंजात मासा आहे." तेवढ्या वेळात माईकबाई त्याच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे, चहा प्यायची. झोपडीवजा सरकारी घर, पत्र्याचं छप्पर, भिंतींना ओल, आणि वर्षातले आठ महिने कपडे वाळायचं नाव नाही. वहिनी तोंडाने फटकळ आणि मनाने ऐसपैस. "या माणसाने मला चिखलात आणून रुतवली," असं त्या दर रविवारी म्हणायच्या आणि चहात साखर जास्त घालायच्या.

एकोणीस वर्षं अशी गेली. मोजणीदाराचा निवृत्तीचा महिना आला.

त्या रविवारी वहिनींनी चहा ओतला आणि साखर घालायला विसरल्या. माईकबाईने पहिला घोट घेतला आणि ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"बंदरावर मुलीच्या शेजारची खोली बघून ठेवली होती," वहिनी म्हणाल्या. "कोरडी खोली. दोन खिडक्या. नात आठ महिन्यांची झाली, मी तिला तीनदा पाहिलंय. आणि आता हे म्हणतायत, मी येत नाही."

"का?"

"आठ पक्षी राहिलेत म्हणे. दोनशे एकोणतीस झाले, आठ सापडेनात. खात्याचं घर सोडावं लागणार, तर पलीकडे मासेमाऱ्यांची पडकी झोपडी आहे, ती यांनी ठरवून पण टाकली. आठ सापडले की येतो, तू हो पुढे, म्हणाले. गुडघे चालत नाहीत, ताई, या माणसाचे. चिखलात कुठे पडले तर कळायचं पण नाही कुणाला."

माईकबाईने कप खाली ठेवला. बाहेर मोजणीदार प्रवाशांना काहीतरी दाखवत होता आणि त्याचा तो हळू, सांभाळून बोललेला आवाज तिला ऐकवेना.

जाताना तिने त्याला गाठलं. "दादा, आठांचं एवढं काय? दोनशे एकोणतीस काय कमी झाले?"

तो ओशाळा हसला. "तसं नाही, ताई. पुस्तकात आहेत म्हणजे कुणीतरी पाहिलेत. मलाच दिसत नाहीत. माझी नजर कमी पडली असणार." मग जरा थांबून म्हणाला, "पुढच्या माणसाच्या हातात अर्धवट रजिस्टर द्यायला बरं वाटत नाही."

संध्याकाळी आगारात नवरा-बायको बस धूत होते. पाइप त्याच्याकडे, फडकं तिच्याकडे. तिने सगळं सांगितलं. घड्याळाची गोष्ट नवऱ्याला ठाऊक होती. लग्नाच्या बायकोची एवढी एकच थाप त्याच्या हाती लागलेली, ती तो जपून होता.

"आता कशाला उकरून काढतेस?" तो चाकावर पाणी मारत म्हणाला. "बावीस वर्षांनी. पुस्तकात छापलंय. लोक म्हणतील, हिने सांगितलेलं बाकी तरी काय खरं? उद्या नदीची लांबी मोजायला निघतील."

"निघू देत. ती बरोबर आहे."

"आणि नोकरी?"

माईक हेच तिचं सगळं होतं. बंदरात कुणाचा वाद झाला तर लोक म्हणायचे, माईकबाईला विचारा. तो मान तिला आवडायचा, फार आवडायचा. उद्यापासून त्याच लोकांनी तोंडावर हसायचं. ती एकच काच बराच वेळ पुसत राहिली. मग फडकं पिळून म्हणाली, "तो म्हातारा चिखलात उभा राहील हो. माझ्या घड्याळापायी."

"माझ्या घड्याळापायी," नवरा म्हणाला, आणि पाइप बंद केला. म्हणजे तो तिच्या बाजूला आला होता.

पुढच्या रविवारी प्रवासी मचाणावर चढले. मोजणीदार खालीच बाकावर बसला होता, गुडघा चोळत. वहिनी बाजूला दोरीवर कपडे घालत होत्या. माईकबाई त्याच्या शेजारी बसली आणि बसल्या बसल्या बोलून गेली, कारण थांबली असती तर परत उठून बसमध्ये गेली असती.

"दादा, तो आकडा माझा आहे. दोनशे सदतीस. मी ठोकून दिला होता."

तो हसला. ती विनोद करते हे त्याला माहीत होतं.

"खरंच सांगते. कुणीही मोजलं नव्हतं. एकाने विचारलं, मला येत नव्हतं, मी घड्याळात बघितलं. दोन वाजून सदतीस मिनिटं झाली होती. तेच सांगितलं. त्याने छापलं, मग सगळ्यांनी छापलं."

त्याचं हसू गेलं. तो समोर पाण्याकडे बघत राहिला. तिथे पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते. मग त्याने विचारलं, "घड्याळ बरोबर होतं?"

याची तिने तयारी केली नव्हती. "नाही. पाच मिनिटं पुढे असतं. ह्यांची सवय आहे, उशीर होऊ नये म्हणून."

त्याचे ओठ हलले. "म्हणजे खरे वाजले होते दोन बत्तीस," तो हळू म्हणाला. "मग तीनच राहिले."

दोरीपाशी वहिनींचे हात थांबले. ओली चादर तशीच हातात धरून त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. आपण काय बोललो ते मोजणीदाराला त्यानंतर ऐकू आलं. त्याने दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"पहिल्या दहा वर्षांतच दोनशे एकोणतीस झाले होते," तो म्हणाला. "पुढची नऊ वर्षं एकही नवा नाही. एकही. रोज पहाटे उठायचो आणि वाटायचं, इथे दुसरा कुणी चांगल्या डोळ्यांचा माणूस असता तर त्याला दिसले असते. दोनदा चष्मा बदलला, ताई. साहेबांना लिहिलं होतं, मला हलवा, माझ्याच्याने होत नाही म्हणून. नंतर वाटलं, काम अर्धवट टाकून कुठे जायचं. पत्र फाडलं."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच," तो म्हणाला. असू दे, होतं असं, यातलं काही म्हणाला नाही. उठला आणि लंगडत घरात गेला. वहिनींनी चादर दोरीवर टाकली, नीट ताणली, चिमटे लावले. बसचा हॉर्न वाजला.

त्या आठवड्यात माईकबाईने पर्यटन खात्याला पत्र लिहिलं. खाली सही, हुद्दा, सगळं. मग हातात पिशवी घेऊन स्वतःच तिथल्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. जे व्हायचं ते समोर होऊ दे. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "एवढंच?" ते म्हणाले. "तुमचा चेहरा बघून मला वाटलं बस दरीत गेली." पाटीचं रंगकाम पुढच्या वर्षी निघेल, पुस्तकाचं शिक्षण खातं बघेल, आणि तोपर्यंत तुम्ही काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, असा निकाल लागला. बंदरात मात्र गोष्ट पसरायची ती पसरलीच. चार दिवस चहावाला तिला बघितलं की विचारायचा, "बाई, किती वाजले? म्हणजे किती पक्षी?" पाचव्या दिवशी तीही हसली. मग त्यातली मजा गेली आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागला.

पाणथळीवर मात्र पुढच्या रविवारी मोजणीदार बाहेर आला नाही. त्यानंतरच्या रविवारीही नाही. चहा मिळाला. वहिनी म्हणाल्या, "बोलत नाहीत. रजिस्टर घेऊन बसतात, पानं उलटतात." माईकबाईने मान खाली घातली. वहिनींनी तिच्या कपात तिसरा चमचा साखर टाकली. "पण परवापासून घोरायला लागलेत. नऊ वर्षांत असे घोरले नव्हते. आणि काल ट्रंक कुठे ठेवलीय विचारत होते."

महिना संपला. नंतरच्या एका रविवारी सकाळी साडेसातला बंदरावर तिकीटखिडकीशी दोघं उभी होती. वहिनींच्या कडेवर टोपडं घातलेली नात, आणि मोजणीदार इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात दुर्बीण नाही. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्याने नमस्कार केला, पण हसला नाही.

"मी हा देश पाहिलेला नाही, ताई," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं एकाच जागी होतो. दाखवा."

तिने त्यांना तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसवलं आणि त्या दिवशी जीव ओतून देश दाखवला. मिठागरांवर ऊन पडलं होतं, मीठ इतकं पांढरं की नातीने डोळे मिटून घेतले. नदी दाखवली, ओहोटीचा विनोद झाला, नवरा हसला, आणि नवीन माणूस म्हणून मोजणीदारही हसला, जरा उशिरा. डोंगरावर त्याने मासळीची दोन ताटं संपवली. मग कठड्याशी जाऊन खाली बघत बराच वेळ उभा राहिला. नदीच्या टोकाला पाणथळ दिसत होती, हातरुमालाएवढी हिरवी.

"एवढीशी?" वहिनी म्हणाल्या.

"एवढीशीच," तो म्हणाला. त्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. नातीला त्याने उचलून घेतलं आणि बोटाने ती जागा दाखवली. ती त्याचं बोट चोखायला लागली.

परतीच्या वाटेवर बस पाणथळीपाशी थांबली. माईकबाईने माईक तोंडाजवळ घेतला. गेले चार रविवार तिने हे वाक्य टाळलं होतं, नुसतं पुष्कळ पक्षी म्हणून निभावलं होतं. आज मात्र सांगायचं होतं. "इथे येणाऱ्या पक्ष्यांच्या जाती," ती म्हणाली, "दोनशे स..." बावीस वर्षांची जीभ आपल्या नेहमीच्या वाटेने निघाली होती. ती थांबली. नवऱ्याने आरशात बघितलं.

"एकोणतीस," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. मचाणावरचा तो हळू आवाज नव्हता हा. मागच्या सीटवरच्या माणसाने डोळे उघडले.

पुढची एक बाई वळून म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?"

"मी मोजलेत," मोजणीदार म्हणाला. "एकही राहिलेला नाही."